गुन्ह्यानंतरचा अंक

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठेवलेला होता. जिल्ह्याचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांची बदली झाली होती आणि शहर सोडण्यापूर्वी ते या खेळाला आले होते. नाट्यगृहातच अठरा वर्षांच्या अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी त्यांच्यावर पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. नाशिकमधील शाळकरी मुलालाही एवढी हकीगत ठाऊक असते. शहराच्या मध्यभागी हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाचे मैदान आहे आणि तेथे क्रिकेटचे सामने भरतात.

परंतु या दोन तारखांच्या दरम्यान आणि त्यांच्यानंतर काय घडले, हे विचारले तर सुशिक्षित नाशिककरही क्षणभर थांबतो. गोळी आणि फाशी एवढेच लक्षात राहते. कोणत्याही हिंस्र घटनेची स्मृती बहुधा अशीच घडते: एक भयंकर रात्र, एक निकाल आणि मधल्या जागी पडदा. दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथाही याच साच्यात बसवलेल्या असतात. पहिल्या पाच मिनिटांत प्रेत सापडते, शेवटच्या पाच मिनिटांत बेड्या पडतात, आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले ते पुढे कसे जगले, हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. वास्तविक हिंसेची खरी हकीगत सुरू होते ती तेथूनच. मग हा नंतरचा अंक रंगभूमीने आणि दूरचित्रवाणीने दाखवावा की नाही, आणि दाखवला तर समाज बिथरेल की शहाणा होईल? या प्रश्नाशी नाशिकचा संबंध दिसतो त्यापेक्षा जुना आहे.

शिक्षा नाटकालाही

जॅक्सन यांच्या वधानंतर सरकारने केवळ तीन तरुणांना शिक्षा केली नाही. ‘नाशिक कट’ म्हणून एक मोठा खटला उभा राहिला. तो चालवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांचे खास न्यायासन नेमले गेले. मुख्य न्यायाधीश सर बेसिल स्कॉट, न्या. चंदावरकर आणि न्या. हीटन हे ते तिघे. ज्यूरी नव्हती. ३८ आरोपींपैकी २७ जणांना शिक्षा झाल्या. निकाल लागला तो २४ डिसेंबर १९१० रोजी, म्हणजे त्या रात्रीनंतर बरोबर एक वर्ष आणि तीन दिवसांनी. विनायक दामोदर सावरकर यांना याच खटल्यात जन्मठेप झाली आणि जॅक्सन यांच्या वधाला साहाय्य केल्याच्या आरोपावरून दुसरी जन्मठेप जानेवारी १९११ मध्ये. त्यांचे थोरले बंधू बाबाराव हे तर जून १९०९ मध्येच जन्मठेपेला गेले होते. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी १९१९ साली वारल्या, तेव्हा त्यांचे पती तुरुंगातच होते. नवऱ्याची वाट पाहण्यात गेलेली ही दहा वर्षे कोणत्याही निकालपत्रात नोंदलेली नाहीत.

या सगळ्यात एक शिक्षा अशी झाली, की जिच्याकडे इतिहासकारांपेक्षा नाट्यरसिकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले होते. कथा महाभारतातली. पण प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होते, सैरंध्रीच्या जागी परदास्यातील भारतभूमी, युधिष्ठिराच्या संयमात मवाळांचे राजकारण आणि भीमाच्या संतापात जहालांचे. नाशिकच्या गोळीबारानंतर इंग्रजी वृत्तपत्रांनी या नाटकाकडे बोट दाखवले. ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी तर आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात त्याचे सविस्तर वर्णन केले. १९१० साली सरकारने ‘कीचकवध’वर बंदी घातली. हत्यार होते १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा. बंदी उठायला १९२६ साल उजाडावे लागले. आणि तो कायदा? स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही तो कायदेपुस्तकात राहिला. २०१८ साली तो रद्द झाला.

सरकारचा युक्तिवाद वरवर पाहता साधा होता. प्रेक्षक नाटक पाहतो, त्याचे रक्त तापते, तो पिस्तूल उचलतो. सबब नाटक बंद केले म्हणजे पिस्तुले थांबतील. त्यात दोन गोष्टी सोयीस्करपणे विसरल्या होत्या. प्रेक्षकाला विचारशक्ती असते ही एक. आणि त्याचे रक्त तापवणाऱ्या इतर पुष्कळ गोष्टी नाट्यगृहाबाहेर घडत असतात, ही दुसरी. बाबारावांना झालेली जन्मठेप ही कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल होती. तरुणांच्या संतापाला त्यानंतर ‘कीचकवधा’ची आवश्यकता उरली नव्हती. हिंसेनंतर कारणे शोधायची तर ती स्वतःच्या कारभारात शोधावी लागतात. त्यापेक्षा ती नाटकात शोधणे सोपे जाते.

भिवंडीतून आलेली कथा

यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी तोच युक्तिवाद पुन्हा मुंबईच्या उच्च न्यायालयासमोर आला. या वेळी राज्यकर्ते आपले होते आणि रंगभूमीच्या जागी दूरदर्शनचा पडदा होता. मालिका होती गोविंद निहलानी यांची ‘तमस’.

‘तमस’ ही भीष्म साहनी यांची हिंदी कादंबरी १९७३ साली प्रसिद्ध झाली आणि १९७५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विषय फाळणीपूर्वीच्या पंजाबातील दंगलीचा. पण तिचे बीज रुजले ते महाराष्ट्रात, हे मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने भिवंडीत दंगल उसळली आणि तिची झळ जळगाव व महाडपर्यंत पोचली. न्या. मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. दंगल शमल्यानंतर भीष्म साहनी आपले बंधू बलराज साहनी यांच्याबरोबर भिवंडीला गेले. जळालेली घरे, मोडलेले माग आणि मागांचा खडखडाट थांबल्यामुळे पसरलेली शांतता त्यांनी पाहिली. १९४७ च्या मार्चमध्ये रावळपिंडीत पाहिलेले सारे त्यांना तेथे पुन्हा आठवले आणि कादंबरी लिहायला घेतली गेली. दंगल चालू असताना हे लेखन सुचले नाही. दंगल संपल्यावर राहिलेल्या शांततेत सुचले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

कथेचा नायक म्हणावा असा नथू हा कातडी कमावणारा गरीब माणूस. गुरांच्या डॉक्टराला पाहिजे म्हणून सांगून त्याच्याकडून एक डुक्कर मारून घेतले जाते, हातावर पाच रुपये ठेवले जातात आणि दुसऱ्या दिवशी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर आढळते. तेथून पुढे शहर पेटते. ओम पुरी यांनी उभा केलेला नथू ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनातून त्याचा चेहरा जाणार नाही. आपल्या हातून काय झाले हे त्याला कळते, पण ते सांगायचे कोणाला, हे कळत नाही. गरोदर बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन तो भटकत राहतो. हरनामसिंग आणि बंतो हे वृद्ध शीख जोडपे वीस वर्षांचे घर आणि दुकान सोडून रात्री गाव सोडते. हरनामसिंगाची भूमिका स्वतः भीष्म साहनींनी केली होती आणि बंतोची दीना पाठक यांनी. ज्या घरात त्यांना आश्रय मिळतो ते घर मुसलमानाचे असते. ज्यांचे सामान लुटले गेले, त्यांनाच लुटारूच्या घरची बाई आसरा देते. एवढ्या एका प्रसंगात दंगलीची सगळी गुंतागुंत येऊन जाते.

कादंबरीचा शेवट तर गुन्हेकथेच्या दृष्टीने विपरीतच. मदतकेंद्रात एक कारकून तक्ता मांडून बसलेला असतो: किती मेले, किती जखमी, किती मालमत्ता गेली. त्याला आकडे हवे असतात. समोरच्या माणसांना मात्र आपली कहाणी सांगायची असते. आणि ज्याने नथूला पाच रुपये दिले, तो मुराद अली शेवटी शांतता समितीच्या मोटारीत पुढच्या बाजूला बसून घोषणा देताना दिसतो. त्याला कोणी पकडत नाही. बेड्या पडत नाहीत. न्याय झाला असे समाधान वाचकाला मिळत नाही. त्याच्यापाशी उरते ती केवळ जाणीव, आणि तिला खुनी सापडल्याच्या समाधानासारखा शेवट नसतो.

न्यायमूर्तींनी मालिका पाहिली

जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ दाखवायला सुरुवात झाली. तेव्हा खासगी वाहिन्या नव्हत्या. वाड्यात किंवा चाळीत ज्याच्याकडे संच असेल त्याच्याकडे शेजारीपाजारी जमत आणि सारा देश एकच कार्यक्रम एकाच वेळी पाहत असे. म्हणून वादही देशभर पेटला. मोर्चे निघाले. दिग्दर्शकाला पोलीस संरक्षण द्यावे लागले. जुन्या जखमा उकरल्या जातील, जमाती एकमेकांवर उठतील, निरक्षर प्रेक्षक भडकेल, असे म्हटले जाऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि २१ जानेवारी रोजी एका न्यायमूर्तींनी प्रक्षेपणाला स्थगिती दिली.

अपील गेले ते न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्यापुढे. जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरॉल प्रकरणाची चौकशी करणारे तेच हे लेंटिन. दोघांनी एक साधी गोष्ट केली, जी १९१० च्या सरकारला सुचली नव्हती. त्यांनी मालिका स्वतः पाहिली, आणि २३ जानेवारी रोजी स्थगिती उठवली. मालिकेत दोन्ही बाजूंच्या माथेफिरूंचे चित्रण आहे, दोन्ही बाजूंच्या माणुसकीचेही आहे, आणि निरक्षर असला तरी प्रेक्षक विवेकशून्य नसतो, असा त्यांचा आशय होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी न्या. सव्यसाची मुखर्जी आणि न्या. रंगनाथन यांनी तोच निष्कर्ष उचलून धरला.

या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जी कसोटी वापरली, तीही मराठी मुलखाशी निगडित आहे. स्वातंत्र्यापूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी ती मांडली होती. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने. दुर्बळ, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास घेणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे, असा तिचा अर्थ. खाडिलकरांच्या नाटकावर बंदी घालणाऱ्यांनी प्रेक्षकाला दुसऱ्या मापाने मोजले होते. लेंटिन आणि मनोहर यांनी पहिल्या मापाने मोजले. या दोन निर्णयांमधील अंतर हे राजवटीचे आहे, तसेच ते माणसावरील विश्वासाचेही आहे.

अर्थात कोणी असे म्हणेल, की ‘कीचकवध’ हे चेतवणारे नाटक होते आणि ‘तमस’ ही सावध करणारी मालिका. दोहोंची तुलना कशी होईल? आक्षेप रास्त आहे. खाडिलकरांना प्रेक्षकाचा संताप जागा करायचा होता, साहनी-निहलानींना त्याची सद्सद्विवेकबुद्धी. परंतु बंदी मागणाऱ्याला हा फरक दिसत नसतो. त्याच्या लेखी संतापवणारे नाटक आणि विचार करायला लावणारे नाटक ही सारखीच धोक्याची असतात. म्हणून कलाकृती आधी पाहावी आणि मग बोलावे, हा मुंबईच्या दोन न्यायमूर्तींचा धडा महत्त्वाचा.

आजचा पडदा

आज दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलच्या पडद्यावर गुन्ह्यांच्या कथांना तोटा नाही. घडलेल्या गुन्ह्यांची नाट्यरूपांतरे वर्षानुवर्षे रोज रात्री चालली. खून कसा झाला, कोणत्या हत्याराने झाला, हे सारे पुन्हा पुन्हा दिसते. क्वचित एखादी कृती वेगळी निघते. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतरच्या दिवसांवरील ‘दिल्ली क्राइम’ ही मालिका २०१९ साली आली आणि २०२० साली तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. तिने तो अत्याचार पडद्यावर दाखवला नाही. दाखवली ती नंतरच्या दिवसांतील पोलिसांची धावपळ, अपुरी साधने आणि लोकांचा क्षोभ. दाखवायचे काय आणि झाकायचे काय, याचा निर्णय हीच तिची नैतिक भूमिका होती. तरीही अटक झाल्यावर तीही संपते. त्यानंतरची वर्षे तिच्या कक्षेबाहेर राहतात.

ती वर्षे किती लांब असू शकतात, हे पाहायला नाशिक जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मेली. त्या प्रकरणी पकडलेल्या नऊ जणांना न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केले; तोवर त्यांची काही वर्षे तुरुंगात गेली होती. २९ सप्टेंबर २००८ रोजी त्याच शहरात पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण मृत्युमुखी पडले. तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, त्यांपैकी तीसहून अधिक फितूर झाले. ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष ठरवले आणि मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी दोन लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. स्फोट आणि निकाल यांच्यामध्ये जवळजवळ सतरा वर्षे होती. स्फोटाच्या दिवशी पहिलीत असलेले मूल या काळात शाळा-महाविद्यालय संपवून नोकरीला लागते.

रूढ गुन्हेकथेला अशा प्रकरणाचे काय करावे हे कळणार नाही, कारण तिला शेवटी गुन्हेगार लागतो. येथे एका बाजूला गेलेल्यांचे आप्त आहेत. दुसऱ्या बाजूला संशयाखाली वर्षे घालवून सुटलेले आणि त्यांची घरे आहेत. कोणी केले, या प्रश्नाचे उत्तर मात्र न्यायालयाच्या कागदात सापडत नाही. अशा वेळी नाटककाराने न्यायाधीश होऊ नये. न्यायालयाने ज्याला दोषी ठरवले नाही, त्याला पडद्यावर दोषी ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण मधली सतरा वर्षे दाखवण्याचा अधिकार त्याला आहे. किंबहुना ते त्याचेच काम आहे. मालेगावसारख्या मागांच्या गावात, जेथे हौशी मंडळींनी पदरमोड करून ‘शोले’चे विडंबन चित्रित केले आणि देशभर नाव मिळवले, तेथे अशी नजर असलेली माणसे नाहीत असे कोण म्हणेल?

जॅक्सन प्रकरणालाही हाच न्याय लावता येईल. कान्हेरे यांच्या हौतात्म्याबद्दल नाशिककरांच्या मनात असलेला आदर कोणत्याही नाटकाने उणावण्याचे कारण नाही. कायद्याने ज्याला खून म्हटले, त्याला या शहराने स्वातंत्र्ययुद्धातील बलिदान मानले, आणि तो शहराचा अधिकार आहे. परंतु खुर्चीतला माणूसही पूर्ण दिसला, तर त्या बलिदानाचे मोल कमी होत नाही. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार होते. त्यांनी जमवलेल्या लोकसमजुती आणि चालीरीतींच्या नोंदी त्यांच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोव्हेन यांनी संकलित केल्या आणि १९१४-१५ साली गुजरात व कोकण अशा दोन खंडांत त्या प्रसिद्ध झाल्या. त्या नोंदींचा मोठा भाग गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेल्या उत्तरांतून तयार झालेला आहे. ज्या राजवटीने बाबारावांना कवितांसाठी काळ्या पाण्यावर धाडले, तिचाच एक अधिकारी कोकणातल्या मास्तरांकडून भुताखेतांच्या आणि व्रतवैकल्यांच्या कथा गोळा करीत होता. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्या एकत्र मांडण्यासाठी नाटकासारखे साधन नाही, कारण भाषणात एकच बाजू बोलते आणि नाटकात दोन्ही बाजूंना बोलावे लागते.

हिंसेनंतर राज्यसंस्था शिक्षा करते, वृत्तपत्र बातमी देते, कारकून आकडे भरतो. ही सारी कामे आवश्यकच आहेत; पण ती झाल्यावरही बरेच काही उरते. येसूवहिनींची दहा वर्षे उरतात, नथूच्या मनातली भीती उरते, मालेगावातल्या दोन्ही बाजूंच्या घरांतील सतरा वर्षे उरतात. ‘तमस’ पाहून देश पेटला नाही. मालिका पूर्ण दाखवली गेली, लोकांनी ती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी कचेऱ्या नि शाळा नेहमीप्रमाणे भरल्या. उरलेल्या गोष्टी पाहण्याएवढा समंजसपणा या प्रेक्षकात आहे, हे १९८८ साली सिद्ध झाले आहे. तसा समंजसपणा दाखवणाऱ्या लेखकाची आणि वाहिनीची मात्र आज वाट पाहावी लागते.